भट्टीवरचा बोळा

आमच्या हॉटेलात येणारं गिऱ्हाईक आधी भट्टीकडं बघायचं, मग निखाऱ्यावरच्या कोंबडीकडं आणि मग आबांच्या मिशांकडं. आबांच्या हातातल्या काठीकडं कुणी बघायचं नाही. त्या काठीच्या टोकाला सुती चिंध्यांचा झुपका बांधलेला असायचा. दिसायला फरशी पुसायच्या पोछ्याचं लेकरू. त्याला आम्ही बोळा म्हणायचो.

त्या हॉटेलात मी भांडी घासली, मसाले वाटले, शेवटी शेवटी भट्टीही सांभाळली. पण तू काय काम केलंस असं कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढं बोळाच येतो. माझी लेक बारामतीला बँकेत आहे. ती म्हणाली, “आई, हे लिहून काढ. लोकांना वाटतं भट्टी म्हणजे नुसता जाळ.” म्हणून लिहायला बसले. पण बोळ्यावर थांबता येत नाही. पुढं आबांपर्यंत जावंच लागतं, आणि तिथं हात जड होतो.

आमचं हॉटेल इंदापूरच्या बाहेर, हायवेला लागून. मालकांना सगळे तात्या म्हणायचे. हॉटेलच्या मागं त्यांचाच ऊस होता. भट्टी दर्शनी भागात, पत्र्याच्या छपराखाली, म्हणजे धूर रस्त्यावर जाईल आणि गाड्या आपोआप वळतील. आबा भट्टीचे मुख्य. ते कळसचे, मीही लग्नानंतर कळसचीच, माहेर पिंपळी. त्यांचं घर गावात वरच्या अंगाला, आमचं बुद्धविहाराशेजारी. एकाच वडापच्या जीपनं यायचो, पण पहिली कितीतरी वर्षं आमच्यात बोलणं असं नव्हतं. मी मागं मोरीवर, ते पुढं भट्टीवर.

मला पुढं आणलं ते एका केसानं.

निखाऱ्यावर भाजणं म्हणजे काय, ते आधी सांगते. कोंबडी असो नाहीतर धरणाच्या पाण्यातला मासा असो, आतून शिजेपर्यंत बाहेरून वाळून जातो. म्हणून त्याला सारखा ओलावा द्यावा लागतो. लिंबू, लसणाचं पाणी, थोडं तेल, मीठ असं एका पातेल्यात कालवून ठेवायचं आणि भाजताना वरून लावत राहायचं. हे लावायला तात्यांनी हार्डवेअरच्या दुकानातनं रंगाचे ब्रश आणले होते. त्यांचे केस गळायचे. काही केस प्लॅस्टिकचे असायचे, ते निखाऱ्याजवळ गेले की आखडून त्यांची गुठळी व्हायची. एके दिवशी एका टेम्पोवाल्याच्या घशात असा केस अडकला. बिचाऱ्यानं आधी भाकरी गिळून बघितली, मग केळं. डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. शेवटी तात्या स्वतः त्याला इंदापुरात डॉक्टरकडं घेऊन गेले. चिमट्यानं केस निघाला. परत आल्यावर तात्यांनी सगळे ब्रश उकिरड्यावर फेकले.

आता भाजायचं कशानं? आबा हातानं पाणी शिंपडायला लागले. निम्मं निखाऱ्यावर पडायचं, राख उडून मांसावर बसायची. मी मोरीवरनं बघत होते. माझी आई घर सारवायला आणि चुन्याचा हात द्यायला चिंध्यांचा पोचारा बांधायची. मी माझ्या सासूच्या जुन्या लुगड्याची धांदोटी फाडली, काठीला बांधली आणि आबांपुढं धरली. त्यांनी ती पातेल्यात बुडवली, कोंबडीवरनं एकदा फिरवली आणि एवढंच म्हणाले, “उद्यापास्नं हितंच उभं ऱ्हावा.”

बोळा बांधायला अवघड काही नाही, पण त्यात चुका करायला जागा भरपूर आहे. कापड सुतीच हवं आणि जुनं हवं. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही. शंका आली तर एक धागा काढून निखाऱ्याला लावायचा. राख झाली तर सुती. मणी झाला तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे, तो बोळा जाळावर वितळणार. कापडाच्या बोटभर रुंद, दीड वीत लांब पट्ट्या फाडायच्या. कापायच्या नाहीत, कापलेल्या पट्टीचे दोरे सुटतात. काठी हातभर लांब, म्हणजे हात भाजत नाही. काठीच्या टोकापाशी चाकूनं गोल खाच पाडायची. पट्ट्या काठीभोवती लावायच्या, निम्म्या पुढं, निम्म्या मागं, आणि खाचेवर सुती दोऱ्यानं आवळायच्या. मग मागच्या पट्ट्या पुढं उलटवायच्या आणि पुन्हा आवळायच्या. म्हणजे झुपका दाट होतो आणि ओढला तरी निसटत नाही. मग मिठाच्या पाण्यात उकळायचा, उन्हात वाळवायचा. कच्च्या मांसाचा बोळा वेगळा, शिजत आलेल्याचा वेगळा. कच्च्याला मी लाल दोरा बांधायची, म्हणजे गर्दीतही चूक व्हायला नको.

आणि बोळ्यानं पुसायचं नसतं. पुसलं की लावलेला मसाला निघून येतो. थोपटायचं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ओली घडी ठेवतो तसं. हे मला आबांनी शिकवलं. गुळाचं पाणी लावायचं असेल तर अगदी शेवटी, नाहीतर गूळ करपून कडू होतो, हेही त्यांनीच शिकवलं.

काठीचं तर मी त्यांच्याकडनंच शिकले. मी बाभळीची काठी घ्यायची. एकदा वेटर मारुती, चांगला दोन लेकरांचा बाप, मला मदत म्हणून हायवेच्या मधल्या झाडांतली एक सरळसोट काठी तोडून घेऊन आला. सोलून गुळगुळीत केलेली. मी खूश झाले. आबांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि रस्त्यापलीकडं भिरकावली. “कण्हेर हाय ती. जनावर बी तोंड लावत न्हाय तिला. माणसाच्या अन्नात घालाया निघाला व्हय?” मारुतीचा चेहरा पांढरा पडला. आबांनी मला आणि त्याला दोघांनाही साबणानं हात धुवायला लावले.

आबांचं नाक असं होतं. भट्टीकडं पाठ करून ते गिऱ्हाइकाशी बोलत असायचे आणि मधेच म्हणायचे, “सुमनबाई, तिसरी सळई फिरवा.” मी बघायची तर तिसऱ्या सळईची चरबी पेटायला आलेली. चरबी जळाल्याचा वास वेगळा आणि मांस जळाल्याचा वेगळा, हे मला वर्षभरानं कळायला लागलं. त्यांना ते बोलता बोलता कळायचं. मटण आलं की टोपलीवरचं फडकं उचलायच्या आधीच ते सांगायचे, हे कालचं हाय, परत पाठवा. मटणवाला त्यांच्यापुढं उगाच वाद घालायचा नाही.

गिऱ्हाइकांच्या गमती पुष्कळ. दक्षिणेतला एक ट्रकवाला यायचा, त्याला मराठी येत नव्हतं. तो थेट माझ्या हातातला बोळा काढून घ्यायचा आणि स्वतःची कोंबडी स्वतः थोपटायचा. खाऊन झालं की हात जोडून जायचा. एक बाई मोटारीतनं न उतरता कुत्र्यासाठी बिनमसाल्याची कोंबडी मागवायच्या आणि स्वतः नुसता चहा घ्यायच्या. त्यांचा कुत्रा म्हातारा होऊन गेला, तरी पुढं दोन-तीन वेळा त्या आल्या, कोंबडी बांधून घेतली आणि गेल्या. कुणासाठी ते आम्ही विचारलं नाही.

पण एक प्रसंग गमतीचा नाही. आमच्या बाजूच्याच एका गावातलं मोठं कुटुंब आलं होतं. त्यातल्या एकानं मला ओळखलं. तो उठून आबांकडं आला आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, “आबा, आमचं तेवढं तुमीच करा. त्यांच्या हातचं नगं. आईला चालत न्हाय.”

माझ्या हातात बोळा तसाच राहिला. असं ऐकायची मला सवय नव्हती असं नाही. माझ्या वडिलांनी माझ्या जन्माआधीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आम्ही शिकलो, पोरंबाळं नोकरीला लागली. तरी हे ऐकावं लागतंच. मी बोळा खाली ठेवायला लागले.

आबा म्हणाले, “माझा हात आज दुखतोय. ह्याच करतील. न्हायतर उद्या या.”

तो माणूस टेबलाकडं परत गेला. मग सगळं कुटुंब उठलं आणि गाड्यांत बसून निघून गेलं. भरलेलं टेबल रिकामं झालं म्हणून तात्या आबांना बरंच बोलले. आबांनी ऐकून घेतलं. त्यांचा हात कुठं दुखत नव्हता; त्याच हातानं त्यांनी लगेच नवी सळई लावली. ह्या विषयावर ते माझ्याशी कधीही एक शब्द बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून वडापमध्ये ते मला “जयभीम” म्हणायला लागले आणि मी त्यांना “रामराम”.

मग कोरोना आला. हायवे असा ओस पडला की भर दुपारी रस्त्याच्या मधे कुत्री झोपायची. हॉटेल बंद, भट्टीत राख. दुसऱ्या लाटेत आबा आजारी पडले. बारामतीला दवाखान्यात होते. वाचणार नाहीत असंच गावात सगळे धरून चालले होते. पण आले परत. निम्मे झाले होते, मिशा पांढऱ्या, पण चालत आले. हॉटेल उघडलं तेव्हा ते पहिल्याच दिवशी भट्टीवर हजर. तात्यांनी हार घातला. मारुतीनं फोटो काढला.

काहीतरी बिनसलंय हे मला थोड्याच दिवसांत जाणवलं. आबा बोलायचे कमी आणि भट्टीकडं पाठ कधीच करायचे नाहीत. सारखी नजर सळयांवर. पूर्वी मसाल्याचं पातेलं नाकाखालनं नेऊन बाजूला ठेवायचे, आता मला विचारायचे, “लसूण बराबर पडलाय न्हवं?” मला वाटलं आजारपणानं अंगात बळ नाही. मग एकदा कुणीतरी ओळखीचं आलं, म्हणून ते वळून बोलायला लागले. मागं चरबीनं पेट घेतला. धुराचा लोट त्यांच्या डोक्यावरनं गेला, पलीकडच्या टेबलावरचे लोक खोकायला लागले आणि आबा हसत बोलतच होते. मी धावत जाऊन सळई उचलली. कोंबडीचा कोळसा झाला होता.

गर्दी ओसरल्यावर ते हॉटेलच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी बसले होते. मी चहा घेऊन गेले.

“आबा, काय होतंय?”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “हे काय हाय, सांगू? गरम पाणी. साखर हाय एवढं कळतं. बाकी काय न्हाय. दवाखान्यातनं आल्यापास्नं न्हाय.”

“वास?”

“कशाचाच न्हाय. पयल्या पावसाचा न्हाय, शेणाचा न्हाय, बायकूनं केल्याल्या कालवणाचा न्हाय. जाळापुढं उभा ऱ्हातो तर नुस्ती धग लागती.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तात्यांना सांगू नगा. डॉक्टर म्हनालाय, येईल माघारी. कुणाकुणाला येतो.”

मी सांगणार नव्हतेच. त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून भट्टीवर दोन माणसं आणि एक नाक अशी आमची गत झाली. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहायची. काही करपायला लागलं की मी बोळ्याची काठी पातेल्याच्या काठावर वाजवायची, की ते सळई फिरवायचे. मांस आलं की फडकं मी उचलायची आणि मान हलवली की परत पाठवायचे तेच, पूर्वीसारखं दरडावून. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. उलट लोक म्हणायचे, आबा आजारातनं उठले आणि हाताला आणखी चव आली. ते ऐकून आबा खाली बघायचे.

डॉक्टरांनी त्यांना रोज वास घ्यायचा सराव सांगितला होता. चार डब्या केल्या होत्या. एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत निलगिरीचा पाला, एकीत वेलदोडा. सकाळी भट्टी पेटायच्या आधी ते टाकीपाशी बसायचे, एकेक डबी उघडून नाकाशी धरायचे आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचे. मी शेजारी बसून चिंध्या फाडायची. कधी विचारायचे, “सुमनबाई, लवंगेचा वास कसा असतो? सांगा बरं.” मला सांगता यायचं नाही. वास सांगायला शब्द कुठं असतात? मी म्हणायची, “दाताच्या दवाखान्यासारखा.” ते डोळे मिटून मान हलवायचे. “व्हय. व्हय. दाताचा दवाखाना.”

एका सकाळी ते एकदम ओरडले, “आला! सुमनबाई, आला! लवंग हाय! आरं, आला की!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीही चिंध्या टाकून उठले. त्यांनी डोळे उघडून डबीत पाहिलं. लिंबाची साल होती.

त्यांनी झाकण लावलं. चारी डब्या पिशवीत भरल्या. “भट्टी पेटवू,” म्हणाले. त्यानंतर त्या डब्या मी कधी पाहिल्या नाहीत.

असंच आमचं आणखी किती चाललं असतं कोण जाणे. पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. इतकी वर्षं धुरात गेलेली; लेकीनं बारामतीला ऑपरेशन ठरवलं. मला धास्ती होती ती माझ्या डोळ्याची नाही, भट्टीची. मी आबांना म्हटलं, “तुम्हीपण रजा घ्या. तब्येतीचं सांगा.” ते म्हणाले, “मग तात्या दुसरा मानूस आणतील आणि तो तितंच ऱ्हाईल. तुमी जावा. मी नजर ठिवून हाय.” मी कोरडा मसाला करून ठेवला, मांस उतरवून घ्यायचं काम मारुतीला दिलं, बोळे बांधून, उकळून, तारेवर वाळवून ठेवले. आणि गेले.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीला जाऊन परत येताना लेक म्हणाली सरळ घरी जा, पण रविवार होता. मला राहवलं नाही. काळा चष्मा लावून मी इंदापुरात उतरले आणि रिक्षानं हॉटेलवर गेले. दुपारची वेळ, सगळी टेबलं भरलेली. रिक्षातनं उतरतानाच वास आला. फवारणीच्या औषधाचा, उग्र, नाकात टोचणारा. मागच्या उसाला गडी फवारत होता, पंपाचा आवाज येत होता. मला वाटलं शेतातनंच येतोय. पण वारा उलट्या दिशेचा होता. आणि जशी मी भट्टीकडं चालायला लागले तसा वास वाढायला लागला.

आबा मला बघून हसले. “आला व्हय? डोळा कसा हाय?”

मी पुढं झाले. त्यांच्या हातातला बोळा घेऊन नाकाशी नेला आणि मला ठसका लागला.

“हा कुठला बोळा?”

“तुमचा शेवटचा पेटला. म्हनून आत्ताच नवा बांधला. मागं तारंवर धोतराचा तुकडा वाळत व्हता, त्योच घेतला. सुती हाय. धागा जाळून बगितला. पाण्यातनं बी काढला.”

त्या तारेवर नेहमी माझ्याच चिंध्या वाळायच्या. त्या दिवशी फवारणीवाल्या गड्यानं पंपाचं तोंड पुसायचा तुकडा तिथं टाकला होता. बाकी सगळं आबांनी बरोबर केलं होतं. राहिलं होतं ते एवढंच की तो तुकडा कुणीतरी हुंगून बघायला हवा होता.

“ह्यानं भाजलेलं कुठंय?” मी विचारलं.

“पयलंच ताट गेलंय,” म्हणत आबांनी हातानं दाखवलं. मारुती कडेच्या टेबलावर ताट ठेवून वळत होता. नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी. मुलीचा वाढदिवस असावा, डोक्यावर कागदाची टोपी होती. ताट ठेवल्या ठेवल्या तिनं तंगडी उचलली होती.

मी कशी पोचले आठवत नाही. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, खुर्चीला गुडघा लागला. मी मुलीच्या हातातनं तंगडी ओढून घेतली. तिच्या तोंडापासून वीतभर लांब असेल. ती भोकाड पसरून रडायला लागली. बाप उठून माझ्या अंगावर धावून आला. “ए बाई, डोकं फिरलंय का तुझं?”

“खाल्लं का हिनं? दादा, आधी सांगा, एखादा घास खाल्ला का कुणी?”

“आत्ता तर ठेवलंय!”

मी ताट उचलून छातीशी धरलं. तात्या गल्ल्यावरनं धावत आले. त्यांना मी काय ते सांगितलं. तात्यांनी काही लपवलं नाही. त्या माणसाला बाजूला घेऊन खरं सांगितलं, मुलीचे हात माझ्याकडनं साबणानं दोनदा धुवून घेतले आणि खाल्लं नसलं तरी डॉक्टरला दाखवून घ्या, मी येतो बरोबर, असं म्हणाले.  बापानं मुलीला कडेवर घेतलं आणि तिचं डोकं मानेशी दाबून धरलं. बायकोनं मुलीच्या डोक्यावरची टोपी काढली. मारुती मात्र पुन्हा पुन्हा सांगत होता, “मला बी वास आला व्हता, मला वाटलं शेतातनं येतोय.”

मी भट्टीपाशी परत आले. आबा होते तिथंच उभे होते. तो बोळा त्यांनी दोन्ही हातांनी धरून नाकाशी दाबला होता आणि मोठमोठे श्वास घेत होते.

“सोडा ते, आबा! विषारी आहे!” मी ओढून घेतला.

“कसला वास येतोय, सुमनबाई?”

“औषधाचा.”

“लई येतोय?”

“रिक्षातनं आला मला.”

ते खाली बसले. राखेच्या ढिगाशेजारी, जमिनीवरच. त्यांच्यापुढं सळयांवरचं मांस वाळत चाललं होतं आणि आम्ही दोघंही ते फिरवत नव्हतो.

डॉक्टरांनी मुलीला तपासून घरी पाठवलं. तात्या परत आल्यावर आबांनी स्वतः त्यांना सगळं सांगितलं, आजारपणापासून. माझं नाव घेतलं नाही; म्हणाले, कुणालाच ठावं नव्हतं. मग मीच सांगितलं की मला ठाऊक होतं.

तात्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “मला आधी सांगायचं व्हतं की, आबा.”

“सांगितलं असतं तर?” आबांनी विचारलं.

 तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांनी आबांना काढलं नाही. गाड्या लावून घ्यायचं काम दिलं, शिट्टी दिली, डोक्याला टोपी दिली. भट्टी माझ्याकडं आली. मी निखारे सारखे करता करता बघायची तर आबा उन्हात उभे, शिट्टी वाजवत, मोटारींना मागं घ्या, मागं घ्या करत. जुनं गिऱ्हाईक उतरून विचारायचं, “आबा, तुमी हितं? भट्टीवर कोण?” ते माझ्याकडं बोट दाखवायचे. “त्याच हायत. त्यांच्यापरीस चांगलं कोण करणार?” काही दिवस असं चाललं. मग एका सकाळी वडापमध्ये आबा नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. तात्यांनी निरोप पाठवले, आबांनी शिट्टी आणि टोपी मारुतीच्या हाती परत केली.

मी पुढं काही वर्षं भट्टी सांभाळली. लोक वाखाणायचे. मला त्याचा आनंद व्हायचा असं म्हटलं तर खोटं होईल. पातेलं नाकाखालनं नेताना प्रत्येक वेळी वाटायचं की ही जागा माझी नाही, आणि ज्याची आहे तो तिकडं कळसला घरात बसून आहे. दुसरा डोळाही पुढं धुराला सोसेना. लेकीनं हट्ट धरला आणि मी काम सोडलं. आता तिथं गॅसवरची भट्टी आहे, आणि तांबडा रबरी ब्रश. तो स्वच्छ असतो, मान्य आहे. तक्रार करायला जागा नाही.

काम सोडल्यावर मी एकदा आबांच्या घरी गेले. त्यांच्या घरात आत जाऊन बसायची ती माझी पहिलीच वेळ. त्यांची बायको, शांताकाकू, मला चुलीपाशी घेऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, “घड्याळ बघून जेवत्यात. मी ताट केलं की खात्यात, न्हाय केलं तर मागत न्हाईत. कधी मीठ घालायचं इसरले तर ते बी बोलत न्हाईत, गप खात्यात. मला आता कालवनाला फोडणी द्यावीशी वाटत न्हाय बगा. कुनासाठी द्यायची?”

आबा ओसरीवर बसले होते. गळ्याची हाडं वर आली होती. मी म्हटलं, “काकू, आज मी करते.” अंगणात तीन विटा मांडून मी निखारे केले. येताना कोंबडी आणलीच होती. काठी घेतली, चिंध्या मागितल्या. काकूंनी जुन्या चोळीचं कापड दिलं. मी बोळा बांधायला लागले तसे आबा उठून आले आणि माझ्या शेजारी पाटावर बसले. त्यांनी दोरा धरला, मी आवळला. ते निखाऱ्यावर हात धरून धग बघत होते. “थोडं थांबा,” म्हणाले. “अजून लई तापलेलं हाय.” मी थांबले. लसणाचा वास सगळ्या अंगणात झाला. शेजारची माणसं भिंतीवरनं डोकावली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, धुरामुळं असेल.

मी पहिला तुकडा आबांच्या ताटात वाढला. त्यांनी तो मोडला, बोटांनी चाचपून बघितला आणि तोंडात घातला. खूप वेळ चावत राहिले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

“कसं झालंय?” मी विचारलं.

त्यांनी घास गिळला. विचार करून, कुणाची फसवणूक होऊ नये अशा बेतानं, ते म्हणाले,

“मऊ झालंय. आन गरम हाय.”

मग त्यांनी ताट पुढं केलं, आणि मी दुसरा तुकडा वाढला.